अण्णांचा पत्ता

रोज सकाळी उल्काचा चहा गाळून होईपर्यंत तिचा नवरा हेरंब माफी मागून मोकळा झालेला असे.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही. चौकटीला हात टेकवी, घसा साफ करी आणि रात्रभर शब्द जुळवत बसल्यासारखा जपून म्हणे, "उल्का, एक सांगायचं राहिलंय. अण्णांना मी स्टँडवर ताटकळत ठेवलं."

"माहितीये रे. जाऊ दे. चहा घे."

मग तो चहा घेई. पण दुपारपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं मळभ हटत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार, पुन्हा चौकट, पुन्हा तेच वाक्य. अण्णा, म्हणजे उल्काचे वडील, जाऊन वीस वर्षं झाली होती. हेरंबसाठी मात्र ती रोज कालची गोष्ट असे.

घडलं होतं ते एवढंच. मे महिना, सोलापूरचं ऊन. अण्णा बार्शीहून दुपारच्या एसटीने येणार होते आणि हेरंब त्यांना आणायला स्टँडवर जाणार होता. उल्का तेव्हा कामासाठी बेंगळुरूला होती. हेरंब गच्चीवरच्या खोलीत दुर्बिणीच्या आरशाला शेवटची झिलई देत होता. अशा वेळी मध्येच हात थांबवला तर काच खालच्या डांबराच्या थराला चिकटून बसते. म्हणून आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असं करत तो तिथेच राहिला. फोन खाली चार्जिंगला. अण्णांना रिक्षा करून येता आलं असतं, पण येतो म्हणालेल्या माणसाची वाट बघायची, जागा सोडायची नाही, हा त्यांचा खाक्या. दुपार कलल्यावर हेरंब धावतपळत पोचला. त्याच रात्री अण्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि उल्का येण्याआधी ते गेले. रक्तदाब जुनाच होता, उन्हाचा संबंध असेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. उल्काने ते मानलं. हेरंबला तिने दोष दिला असलाच तर पहिलं वर्षभर, मनातल्या मनात. मग तोही विरून गेला.

हेरंब तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायचा. विसरण्याचा आजार त्याला लवकर, निवृत्तीआधीच जडला. आधी विद्यार्थ्यांची नावं गेली, मग घरी यायचा रस्ता, मग एके दिवशी जेवता जेवता त्याने उल्काला अगदी अदबीने विचारलं की, आपण इथे कधीपासून राहता. त्यानंतर चार-सहा महिन्यांत त्याच्या कानामागे, कातडीखाली, सुपारीएवढी चकती बसवली गेली. तिला 'खूणगाठ' म्हणत. योगायोग असा की, खूणगाठीच्या सोलापूरच्या केंद्रात उल्का बरीच वर्षं नोकरीला होती.

आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो. तसं नसतं. एखाद्या प्रसंगातला चेहरा मेंदूच्या सालीत एकीकडे नोंदलेला असतो, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे. मेंदूच्या आतल्या अंगाला करंगळीएवढा एक वळलेला भाग आहे. यातलं फारसं काही तो स्वतःजवळ ठेवत नाही. कुठला तुकडा कुठे आहे, हे त्याला ठाऊक असतं. आपण 'आठवलं' म्हणतो तेव्हा तो भाग एकेका पत्त्यावर निरोप धाडतो, तिथल्या पेशी जाग्या होतात आणि विखुरलेले तुकडे क्षणभर एकत्र येतात. विसरण्याच्या आजारात हा पत्ते जाणणारा भागच आधी खचतो. घरं बराच काळ शाबूत असतात, हरवतात ते पत्ते. खूणगाठ तेवढंच काम करी. माणूस अगदीच विसरण्याआधी त्याला फोटो दाखवून, वास देऊन, जुन्या गोष्टी काढून बोलतं ठेवायचं आणि त्या वेळी मेंदूत कुठे कुठे काय पेटतं त्याची नोंद करायची. पुढे गरज पडेल तेव्हा केसाहून बारीक तारांमधून तेच पत्ते चाळवायचे.

हे पत्ते केंद्रात साठवलेले असत आणि ते नीट राखण्याच्या संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, उल्का लिही. भाषा जुनी होती, पण कामाला वाघ. त्या भाषेत प्रत्येक प्रसंग म्हणजे एक ॲरे, ओळीने मांडलेली यादी. गंमत अशी की, प्रसंगाच्या यादीत अण्णांचा आवाज नसे. अण्णांच्या आवाजाची वेगळी यादी असे आणि प्रसंगात फक्त ती यादी कुठे आहे त्याचा पत्ता. त्याला रेफरन्स म्हणत. अण्णा शंभर प्रसंगांत असतील तर त्यांचा आवाज शंभरदा कशाला लिहायचा? एकदाच लिहायचा आणि शंभर ठिकाणांहून त्याच्याकडे बोट दाखवायचं.

यात एक खड्डा आहे आणि नवीन पोरं त्यात हमखास पडतात. म्हणून दर वर्षी नव्या तुकडीला उल्का एकच गोष्ट सांगे. लग्नाच्या आमंत्रणांची यादी आहे. तिची झेरॉक्स काढली म्हणून काका दोन होत नाहीत. झेरॉक्समधलं काकांचं नाव खोडलंत, तर मूळ यादीत ते सुखरूप असतात. पण झेरॉक्सवरचा पत्ता वाचून तुम्ही काकांच्या घरी गेलात आणि तिथे त्यांची मिशी उडवलीत, तर मूळ यादीतले काकाही बिनमिशीचेच लग्नाला येणार. पोरं हसत. मग ती सांगे की, कॉपी आतपर्यंत करायची असेल तर एकेका पत्त्यावर जाऊन तिथली यादी नव्याने लिहून काढावी लागते. एका ओळीत होते ती वरवरची कॉपी.

हेरंब माफीवर थांबला असता तर उल्काने काही केलं नसतं. पण चैत्रात एके दुपारी केंद्रात तिला फोन आला. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीतली बाई बोलत होती. तुमचे मिस्टर इथे सकाळपासून बसलेत, बार्शीच्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन आत डोकावतात, आत्ता चक्कर येऊन पडले. उल्का पोचली तेव्हा बाकावर आडवं करून त्याच्या कपाळावर कुणी ओला रुमाल ठेवला होता. तिला पाहून तो उठू लागला. म्हणाला की, अण्णा अजून आले नाहीत, आज मी उशीर केलेला नाही.

पुढच्या पंधरवड्यात तो आणखी दोनदा तिथे गेला. त्याला आत कोंडून, दाराला कुलूप लावून कामावर जायचं, हे उल्काला जमण्यातलं नव्हतं.

केंद्रात अशा प्रसंगांसाठी एक उपाय होता. प्रसंग अख्खा काढून टाकला तर माणूस त्या रिकाम्या जागेपाशी गोंधळतो, म्हणून तो फिका करायचा. ज्या तुकड्यांतून दुःख येतं तेवढे रिकामे करायचे, बाकी सांगाडा ठेवायचा. स्टँड राहील, ऊन राहील, पण त्यात अण्णांचा चेहरा नसेल, आवाज नसेल. कुणाची तरी वाट बघितली होती खरी, एवढं पुसट काही उरेल. स्वतःच्या माणसाच्या याद्यांना हात लावायचा नाही असाही नियम होता आणि तो उल्कानेच आग्रहाने करायला लावला होता.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे डबे खायला गेले असताना, तिने तो मोडला. मूळ प्रसंग जसाच्या तसा राहावा म्हणून आधी कॉपी घेतली. कॉपीमधून अण्णांच्या चेहऱ्याच्या यादीपर्यंत गेली, ती रिकामी केली. आवाजाची केली. बाकीचीही केली. मग फिका प्रसंग मूळ प्रसंगाच्या जागी बसवला आणि डबा उघडला. भाकरी नि शेंगांची चटणी होती. तिला भूक लागली होती, हे तिच्या नंतर बरेच दिवस लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळून झाला तरी दारात कुणी आलं नाही. उल्का कप घेऊन बाहेर गेली. हेरंब पेपर उलटा धरून त्यातलं कोडं सोडवत होता. उलटा का, असं विचारल्यावर म्हणाला की, उत्तरं खाली उलटी छापलेली असतात, ती वाचतोय.

ते दिवस चांगले गेले. तिला तो किती विनोदी होता हे नव्याने कळलं. तो स्टँडवर गेला नाही. भाजी चिरता चिरता गुणगुणू लागला. संध्याकाळी दोघं सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जात आणि तो बदकांना ड्रॉइंगच्या वर्गातल्या मुलांच्या नावांनी हाका मारी. रोज सकाळी दाराकडे बघायची तिची सवय आठवडाभरात सुटली. आपण नियम मोडला याचं तिला वाईट वाटत होतं, पण मनापासून नाही.

एका रविवारी संध्याकाळी हेरंबने गच्चीवरच्या दुर्बिणीचं आच्छादन काढलं आणि तिला हाक मारली. आरशावर धूळ बसली होती. तो ब्लोअरने ती हलकेच उडवत होता. मग त्याने हवेतच, हातात काच असल्यासारखी, आरसा घासण्याची हालचाल केली. पुढे, मागे, थोडं वळण, एक पाऊल बाजूला. हातांच्या सवयी मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात. त्यांना पत्त्यांची गरज नसते.

"काय काम केलंय ना मी," तो खुशीत म्हणाला. "एवढा मोठा आरसा, तोही एकट्यानं."

उल्का कठड्याला टेकली. तो आरसा त्याने एकट्याने केलेला नव्हता. बार्शीच्या शाळेची प्रयोगशाळा सांभाळता सांभाळता अण्णांनी आयुष्यभर दुर्बिणीची स्वप्नं पाहिली होती. लग्नानंतर पहिल्याच दिवाळसणाला सासरे-जावयांनी मिळून काच मागवली आणि कित्येक सुट्ट्या ती एका पिंपावर ठेवून, पावडर टाकून घासत, दोघं त्या पिंपाभोवती घाण्याच्या बैलांसारखे फिरत होते. उल्का चहा घेऊन वर गेली की दोघं एकदम तोंड बंद करत. तिच्याविषयी चाललेलं असे.

"अण्णा नव्हते का तुझ्याबरोबर?" तिने विचारलं.

हेरंबने मान वर केली. चेहरा उत्सुक होता, मदत करायला तयार. "कोण अण्णा?"

तिने फोनवर फोटो काढून दाखवला. पिंप, आरसा, पावडरीने पांढरे झालेले चार हात, दोन हसरी माणसं. हेरंबने त्यातल्या स्वतःला लगेच ओळखलं. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "भला माणूस दिसतो."

सोमवारी केंद्रात जाऊन तिने आपलीच स्क्रिप्ट उघडली. शोधावं लागलं नाही. कॉपी एका ओळीत केलेली होती. वरवरची. प्रसंग दोन झाले होते, पण अण्णा एकच होते आणि तिने त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुसलं होतं. दिवाळसणाच्या प्रसंगातून ते गेले होते, लग्नातून गेले होते, बार्शीच्या घरातून गेले होते. शंभर बोटं अजून त्या जागेकडे दाखवत होती आणि तिथे काही नव्हतं.

केंद्रप्रमुख डॉक्टर नसीम बागवान ही तिची जुनी मैत्रीण. उल्काने तिला सगळं सांगितलं. डोकं खाली घालून नव्हे, एखाद्या केसचा अहवाल द्यावा तसं ओळीने. नसीमने ऐकून घेतलं. मग हेरंबच्या याद्यांची किल्ली तिच्या खात्यातून काढून घेतली आणि पुढे त्यांना हात लावायचा नाही, असं सांगितलं. उल्काने मान डोलावली. नसीमने चहा मागवला.

बॅकअप होता, तेव्हा याद्या परत आणणं काहीच कठीण नव्हतं. घाई होती ती वेगळ्या कारणाने. उल्काच्या भाषेचा एक नियम होता. एखाद्या यादीकडे एक तरी बोट दाखवत असेल तोवर ती जिवंत, शेवटचं बोट हललं की तिची जागा दुसऱ्या कामाला मोकळी. मेंदू यंत्राइतका काटेकोर नाही, पण आजारी मेंदूतही असंच काहीसं होतं. ज्या पेशींना कुणी हाक मारत नाही त्या हळूहळू विरतात. आणखी काही आठवडे थांबलं तर पत्ते परत येतील, पण त्यांवर घर नसेल.

"आता नीट कर ना," नसीम म्हणाली. "आतपर्यंत कॉपी घे. अण्णा दोन कर. स्टँडवरचे फिके, बाकीचे पक्के. मी बसते शेजारी."

उल्काने सकाळपासून याचाच विचार केला होता. "यंत्रात दोन होतील गं. हेरंबच्या डोक्यात ते एकच आहेत. दोन्ही याद्या शेवटी त्याच पेशींपाशी जातात. आणि इतकी वर्षं तो अण्णांचा आवाज आठवला की मागोमाग तेच आठवत आलाय. ते दुखणं आता स्टँडला चिकटलेलं नाही, आवाजालाच चिकटलंय. आणायचे तर अख्खे अण्णा आणावे लागतील."

नसीमने कप फिरवला. तिनेही असे दोन पेशंट पाहिले होते. मग ती म्हणाली की, हे ठरवणारी तू नाहीस आणि मीही नाही.

ते उल्कालाही कळत होतं. पण ज्या माणसाची ओळखच नाही तो परत हवा का, हे हेरंबला विचारायचं कसं?

तिने संध्याकाळी विचारलं, गच्चीवर, शेंगा सोलताना. हेरंबच्या मांडीवर सूप होतं.

"तुला एक माणूस आठवत नाहीये," ती म्हणाली. "आजारामुळे नाही. माझ्या हातून झालंय."

"फोटोतला?"

"हो. माझे वडील."

हेरंबने शेंग फोडून दाणे सुपात टाकले. आपण त्यांना भेटलो होतो का, असं त्याने विचारलं. उल्का म्हणाली, माझ्यापेक्षा तुझंच त्यांच्याशी जास्त जमायचं. मग तिने काहीच न लपवता सांगितलं. स्टँड, ऊन, आरसा, ती रात्र. रोज सकाळची माफी. चक्कर येऊन पडणं. अण्णा परत आले तर हेही सगळं परत येईल, कदाचित रोज.

तो दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुझा नवरा जरा विसरभोळाच दिसतो. तेव्हापासूनच."

उल्काला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला.

"मला आवडायचे ते?" त्याने विचारलं.

"फार."

"आणि त्यांना मी?"

"तुला जावईबुवा म्हणायचे. चिडवायला. आणि माझी गाऱ्हाणी तुझ्यापाशी करायचे."

तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला. खालच्या रस्त्यावरून एक फुगेवाला पिपाणी वाजवत गेला. मग हेरंब म्हणाला, "आता ते कुणाकुणाला आठवतात?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. भावंड नव्हतं. बार्शीचे शेजारी पांगले होते. "मला," ती म्हणाली.

"तू एकटीच?"

"हो."

"मग तुझं कसं व्हायचं? कुणाशी बोलणार त्यांच्याबद्दल?" त्याने सूप बाजूला ठेवलं आणि मांडीवरची टरफलं झटकली. "आण त्यांना परत. दुखलं तर दुखलं. बघू."

तू नीट विचार कर, उद्या मी पुन्हा विचारीन, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने नसीमच्या समोर पुन्हा सगळं सांगून विचारलं. कालचं त्याला आठवत होतं, पण त्याचा आधार न घेता त्याने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, पुन्हा तेवढाच वेळ घेतला आणि पुन्हा हो म्हणाला.

याद्या परत बसवताना कीबोर्ड नसीमच्या हाताशी होता. उल्का शेजारी बसून वाचत होती. स्टँडचा प्रसंग पडद्यावर उलगडला, एकेक पत्ता, प्रत्येकापुढे त्याची खूण. जागा, स्टँड. ऊन. अण्णांचा चेहरा. अण्णांचा आवाज. छातीतली धडधड. एवढं तिला ठाऊक होतं. हेच तर तो रोज दारात उभा राहून सांगे. पण यादी तिथे संपत नव्हती. पुढे उसाच्या रसाची चव होती. त्याच्या पुढे लिहिलं होतं, अण्णांचं हसणं.

तिने नसीमला थांबवलं. ही चूक असेल, दुसऱ्या प्रसंगातलं काही इथे येऊन पडलं असेल, असं तिला वाटलं. नसीमने तपासलं. चूक नव्हती. यंत्र स्वतःच्या मनाने काही जोडत नाही. हेरंबच्या डोक्यात जे एकत्र पेटलं, तेच यंत्राने लिहून घेतलं होतं. फक्त हा शेवटचा भाग इतका क्षीण होता की, जेमतेम नोंदला गेला होता.

"आठवणीत आपण जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच ती बळकट होते," नसीम म्हणाली. "पुढे कधी गेलेलेच दिसत नाहीत हेरंबभाऊ. मध्येच थांबतात."

उल्काला रोजची सकाळ आठवली. तो थांबत नव्हता. तीच रोज सकाळी, त्याच्या एका वाक्यानंतर, जाऊ दे म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी चहा उकळत असताना मागे पावलं वाजली. चौकटीवर हात टेकल्याचा आवाज आला. हेरंबचा चेहरा ओढलेला होता, डोळे लाल होते. ते सगळं परत आलं होतं, एकदम.

"उल्का, एक सांगायचं राहिलंय. अण्णांना मी स्टँडवर ताटकळत ठेवलं."

तिने गॅस बंद केला. "चप्पल घाल," ती म्हणाली. "आपण जाऊ या तिथे."

सकाळचं स्टँड त्या मानाने रिकामं होतं. बॅटरीच्या गाड्या आवाज न करता येत-जात होत्या, त्यामुळे माणसांचेच आवाज मोठे वाटत होते. रसवंती नुकती उघडत होती. हेरंब रसवंतीसमोरच्या बाकापाशी थबकला. उल्काने त्याला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"मी धावत आलो," तो सांगू लागला. "ते इथे होते. बॅग मांडीवर. ऊन इथपर्यंत आलेलं. मी म्हटलं, अण्णा, चुकलं माझं." तो गप्प झाला आणि सवयीने तिच्याकडे पाहू लागला. आता ती काय म्हणणार, हे त्याला माहीत होतं.

"मग?" उल्का म्हणाली.

"मग काय?"

"तू चुकलो म्हणालास. मग अण्णा काय म्हणाले?"

तो गोंधळला. कुणी पुढे विचारेल, याची त्याला सवय नव्हती. त्याने डोळे मिटले. उल्काला दिसत होतं की, तो अंधारात चाचपडत एकेक पायरी उतरतो आहे, आणि तिने हात पुढे केला नाही, वाट पाहिली.

"ग्लास होता त्यांच्या हातात," तो सावकाश म्हणाला. "रसाचा. बर्फ घातलेला. माझ्यापुढे धरला. म्हणाले..." त्याच्या कपाळावरची आठी हलली. "म्हणाले, हा तुमचा तिसरा, जावईबुवा. पहिले दोन मीच प्यायलो. बर्फ वितळायला लागला होता, वाया कशाला घालवायचे?"

उल्काने तोंडावर हात धरला. अण्णांना मधुमेह होता. साखरेच्या डब्यावर तिची करडी नजर असे.

"आणि हसले," हेरंब म्हणाला. आता तो स्वतःहून थांबणार नव्हता. "खूप हसले. मला म्हणाले, उल्काला यातलं एक अक्षर सांगायचं नाही, ती माझा जीव घेईल. मी वचन दिलं. मग विचारलं, आरसा झाला का? मी म्हटलं, झाला, अण्णा, आत्ता झाला. तर म्हणाले, मग बसलो ते सत्कारणी लागलं."

एक बार्शीची गाडी लागली. माणसं उतरू लागली. हेरंब उठला नाही. त्याने गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळला.

"हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"वचन दिलं होतं ना."

"मग आज कसं सांगितलंस?"

त्याने विचार केला. "तू विचारलंस."

तो शांत बसला होता. गाल ओले होते, पण चेहऱ्यावर मळभ नव्हतं. उल्काला ठाऊक होतं की, एवढ्याने ते दुखणं जाणार नाही. ही शेवटची पायरी अजून फार कच्ची होती. उद्या सकाळी तो पुन्हा दारात येईल, तेच वाक्य म्हणेल आणि तिथेच अडेल. ती पायरी पक्की व्हायची तर त्याला रोज तिथवर न्यावं लागेल. रोज अण्णांना उन्हात बसवावं लागेल आणि रोज हसू येईपर्यंत थांबावं लागेल.

रोजचा चहा थोडा उशिरा होईल, एवढंच. ती त्याच्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."